मुका मार

"पूर्ण बरी झाल्याशिवाय मी तिला शाळेत पाठवणार नाही, ताई. माझं ठरलंय."

मेथी निवडता निवडता, मान वर न करता वहिनी बोलल्या. मी सकाळीच कराडला भावाच्या घरी पोचले होते. मागच्या खोलीच्या खिडकीला जाड सोलापुरी चादर लावलेली होती आणि तिच्याआड माझी भाची पडून होती. वय 15, इयत्ता दहावी, शाळेच्या कबड्डी संघाची डावी कोपरारक्षक. डोक्याला लागून 19 दिवस झाले होते.

तालुक्याच्या शालेय सामन्यात चढाईला आलेल्या मुलीचा घोटा धरायला ती झेपावली आणि त्या मुलीचा गुडघा तिच्या कानशिलावर बसला. डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण शुद्ध गेली नाही. उठली, कपडे झटकले आणि सामना संपेपर्यंत खेळली. परतताना गाडीत उलटी झाली. रात्री सीटी स्कॅन काढला. रक्तस्राव नव्हता, हाड शाबूत होतं. "सगळं नॉर्मल आहे, आराम करू द्या," असं सांगून घरी सोडलं. आराम कसला, किती दिवस, हे मात्र कुणी सांगितलं नाही.

स्कॅन चांगला आला म्हणून चौथ्या दिवशी तिला शाळेत पाठवलं. पूर्ण दिवस. परिपाठाला उन्हात उभी राहिली, मग लागोपाठ तासिका झाल्या, मधल्या सुट्टीचा कल्ला झाला, आणि गणिताच्या तासाला भडभडून उलटी झाली. वर्गात कुणीतरी म्हणालं, चाचणी चुकवायची निमित्तं आहेत. तेव्हापासून चादर खिडकीला आहे.

"पूर्ण बरी म्हणजे कधी, वहिनी?"

"डोकं दुखायचं थांबेल तेव्हा."

"आणि पडून राहिल्यामुळेच ते थांबत नसेल तर?"

त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली. पतसंस्थेत सोळा वर्षं काम करणाऱ्या या बाईला मोघम बोललेलं चालत नाही. "नीट सांगा. उगाच कोड्यात बोलू नका."

मी पुण्यात विज्ञान शिकवते. आपल्याकडे याला फार नेमका शब्द आहे, तो म्हणजे मुका मार. बाहेर रक्त नाही, टेंगूळसुद्धा असेलच असं नाही, आणि आत मात्र लागलेलं असतं. डॉक्टर ज्याला कन्कशन म्हणतात तो मेंदूला बसलेला मुका मार. सीटी स्कॅन रक्तस्राव आणि तडा शोधायला काढतात. या दुखापतीत मेंदूची ठेवण बहुधा जागच्या जागी असते, बिघडलेलं असतं ते काम. म्हणून स्कॅन स्वच्छ येतो. शुद्ध हरपण्याचं म्हणाल तर तसं थोड्याच जणांचं होतं. शुद्ध गेली नाही म्हणजे काही झालं नाही, असा हिशेब इथे चालत नाही.

"आत नक्की होतं काय?" वहिनींनी विचारलं.

"झटका बसला की पेशींमधले क्षार इकडचे तिकडे होतात. पोटॅशियम बाहेर पडतं, कॅल्शियम आत शिरतं. सगळं पुन्हा जागेवर आणायला पेशींना नेहमीपेक्षा जास्त साखर लागते. आणि नेमका त्याच वेळी तिथला रक्तपुरवठा कमी झालेला असतो."

"म्हणजे खर्च वाढला आणि आवक घटली."

"तसंच."

"मग अशा वेळी माणूस खर्च बंद करतो. मी तेच केलंय. टीव्ही नाही, मोबाईल नाही, पुस्तक नाही, उजेड नाही. हात मोडला तर प्लास्टर घालतो ना आपण? डोक्याला प्लास्टर घालता येत नाही, म्हणून अंधार केला."

हे म्हणणं खुळचट नव्हतं. काही वर्षांपूर्वीपर्यंत परदेशातले डॉक्टरही जवळजवळ हेच सांगत होते. मी म्हटलं, "पहिला दिवस, फार तर दुसरा, तुमचं बरोबर होतं. मोबाईल काढून घेतलात तेही त्या दोन दिवसांपुरतं योग्य होतं. अमेरिकेत एका अभ्यासात पहिले 48 तास पडद्यापासून लांब राहिलेली मुलं साधारण साडेतीन दिवसांत बरी झाली, पडदा बघणाऱ्यांना आठ दिवस लागले. पण दोन दिवसांचं पथ्य आपण दोन आठवड्यांवर चालवलं."

"जास्त पथ्यानं कुणाचं वाईट झालंय?"

"झालंय. विस्कॉन्सिनमध्ये 11 ते 22 वयाच्या मुलांचे दोन गट केले. एका गटाला पाच दिवस सक्त विश्रांती, दुसऱ्याला एक-दोन दिवस विश्रांती आणि मग हळूहळू रोजची कामं. 2015 मध्ये निष्कर्ष छापून आले. सक्त विश्रांतीवाल्यांनी जास्त तक्रारी सांगितल्या आणि त्या जायलाही वेळ लागला."

"पडल्या पडल्या दुसरं काय करणार पोरं? दुखणंच मोजत बसणार. म्हणून तक्रारी जास्त."

"तेच तर होतंय ना आतल्या खोलीत?"

वहिनी गप्प झाल्या, पण क्षणभरच. "किती मुलं होती त्यात?"

"अभ्यास पुरा केला 88 जणांनी."

"अठ्ठ्याऐंशी पोरांवरून माझ्या पोरीचं ठरवू?"

"कॅनडातला दुसरा एक मोठा अभ्यास आहे, 2023 चा. 5 ते 18 वयाची सोळाशेवर मुलं. त्यातल्या आठ वर्षांच्या पुढच्या ज्या मुलांची शाळा तीन दिवसांपेक्षा कमी बुडाली त्यांचा त्रास दोन आठवड्यांनी कमी होता."

"ज्यांना कमी लागलं तीच लवकर गेली असतील, ताई. जास्त लागलेली घरी राहिली असतील. त्यात शाळेचं काय कौतुक?"

हा प्रश्न संशोधकांनीही स्वतःला विचारला होता. सारख्या त्रासाची मुलं एकमेकांसमोर ठेवून त्यांनी तुलना केली होती. मी ते सांगितलं. तरी अशा तुलनेत थोडी शंका उरतेच, हेही कबूल केलं. आकड्यांपुढे मान न डोलावणाऱ्या या बाईचा मला त्या क्षणी अभिमान वाटला. पण तिची लेक अंधारात होती आणि मला ती बाहेर हवी होती.

"बरं, अभ्यास ठेवा बाजूला," मी म्हटलं. "ती रात्री झोपते का?"

"दोन-दोन वाजेपर्यंत जागी असते. दिवसा झोपते."

"चिडते?"

"परवा ताट ढकललं. असं कधी केलं नव्हतं तिनं." त्यांचा आवाज बारीक झाला. "मला वाटलं मेंदूलाच काही झालं."

चिडचिड, रडू येणं, विसरायला होणं, प्रश्न ऐकून उत्तराला वेळ लागणं, हे सगळं या माराचंच असतं. पण दिवस आणि रात्र यांतला फरक पुसला गेला, मैत्रिणी तुटल्या, अंगाला ऊन लागेनासं झालं की तोच त्रास धडधाकट मुलालाही व्हायला लागतो. मग कुठलं दुखणं माराचं आणि कुठलं खोलीचं, हे घरातल्यांना कळत नाही आणि मुलीलाही नाही.

"तुम्हाला वाटतं मी चुकले," वहिनी म्हणाल्या.

तेव्हा मी त्यांना माझ्या वर्गातल्या मुलाची गोष्ट सांगितली. ती मी घरात कुणालाच सांगितलेली नव्हती.

सहा वर्षांपूर्वी माझ्या नववीच्या वर्गात एक मुलगा होता. क्रिकेटचा सराव करताना चेंडू डोक्याला लागला, दोन दिवस घरी राहिला आणि आला. चिठ्ठी नाही, काही नाही. बसायचा तो डोळे मिटून. फळ्यावरचं उतरवून घ्यायला सांगितलं की दोन ओळी लिहायचा आणि पेन ठेवायचा. मी त्याला आळशी म्हटलं. एकदा बाकावर डोकं ठेवून बसला म्हणून तासभर उभं केलं, सगळ्यांसमोर. तो काही बोलला नाही. पंधरा दिवसांनी त्याची आई भेटायला आली तेव्हा कळलं की घरी गेल्यावर तो रोज अंधार करून पडायचा. मी मग वाचायला लागले. फळ्याकडून वहीकडे आणि वहीकडून फळ्याकडे नजर नेताना दोन्ही डोळे जवळच्या अंतरावर एकत्र वळवावे लागतात, आणि या मारानंतर नेमकं तेच पुष्कळ मुलांना जड जातं. अक्षरं हलतात, कपाळात कळ येते, मळमळतं. ज्याला मी आळस समजले तो डोळ्यांचा त्रास होता. त्या मुलाची मी माफी मागितली. त्यानं "ठीक आहे बाई" म्हटलं, पण तो माझ्या तासाला पुन्हा कधी मोकळा झाला नाही.

वहिनींनी बराच वेळ काही म्हटलं नाही. मग म्हणाल्या, "आता सांगा. तुमच्यासारखी शिकलेली, मायाळू बाई जर असं करते, तर मी कुणाच्या भरवशावर पाठवू?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या बाजूनं सांगितलेली गोष्ट त्यांच्या बाजूनं जाऊन बसली होती, आणि ती तिथेच शोभत होती.

"वर्गात 62 मुलं आहेत," त्या पुढे म्हणाल्या. "आजारी पोराला पडायला खोली नाही. चौथ्या दिवशी मी तुमच्या म्हणण्यासारखंच केलं होतं की! लवकर पाठवलं. काय झालं ते बघितलंत."

"लवकर पाठवलंत, ते चुकलं नाही. सगळं एकदम दिलंत, ते जड गेलं. परिपाठ, सगळे तास, मधली सुट्टी, चाचणी. उपाशी माणसाला कुणी एकदम पुरणपोळीचं ताट देत नाही, पण म्हणून पेजही नाकारत नाही."

"पेज किती, हे कोण मोजणार?"

"तीच मोजेल. शून्य म्हणजे त्रास नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. शाळेत जाताना डोकं तीनवर असलं आणि तिथे पाचपर्यंत गेलं, पण तासाभरात उतरलं, तर चालतं. दोनपेक्षा जास्त चढलं किंवा तासाभरात उतरलं नाही, तर त्या दिवसाचं काम जास्त झालं. दुसऱ्या दिवशी कमी करायचं, बंद नाही करायचं. डॉक्टर लोकांचं 2022 मध्ये ॲमस्टरडॅमला संमेलन झालं होतं, त्यातून हेच माप पुढे आलंय. थोडा त्रास झाला म्हणजे मेंदूला इजा होते असं नाही."

हे मात्र त्यांना पटलं असावं. कॅलेंडरच्या मागून त्यांनी एक छोटी वही काढली. तीत 19 दिवसांच्या नोंदी होत्या. किती वाजता दुखलं, काय खाल्लं, गोळी कधी दिली. मी पानं चाळली. गोळ्या जवळजवळ रोजच्या होत्या.

"ही गोळी रोज नको, वहिनी. दुखण्यावरची गोळी फार दिवस रोज घेतली तर गोळीनंच डोकं दुखायला लागतं. डॉक्टरांना ही वही दाखवूया. आणि तिला अर्धशिशी होती ना आधीपासून?"

"सातवीपासून. माझीच घेतलीय तिनं."

मग उशीर लागण्याचं एक कारण इथेच होतं. कॅनडातल्या नऊ रुग्णालयांतल्या तीन हजारांवर मुलांच्या नोंदी 2016 मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यात साधारण तिघांतल्या एकाला महिन्यानंतरही त्रास होता. मुली, तेरा वर्षांच्या पुढची मुलं, आधीपासून अर्धशिशी असलेली मुलं यांना जास्त वेळ लागण्याचा संभव दिसला. माझ्या भाचीकडे हे तिन्ही होतं. वर ती सामना संपेपर्यंत खेळली होती. मार बसल्यावर लगेच बाहेर बसलेल्या मुलांपेक्षा खेळत राहिलेल्यांना बरं व्हायला दुप्पट दिवस लागल्याचंही एका अभ्यासात दिसलं आहे.

"म्हणजे हे नाटक नाही," वहिनी हळूच म्हणाल्या. त्यांनाही मधून मधून ती शंका येत असणार, आणि आल्याबद्दल त्या स्वतःला टोचत असणार, हे मला तेव्हा कळलं.

"क्रीडाशिक्षक येऊन गेले परवा," त्या म्हणाल्या. "जिल्ह्याचे सामने आहेत. म्हणाले, जाडेजाला नाही का हेल्मेटवर लागलं, खेळाडू उठतोच. दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, तेही सांगितलं."

"जाडेजाचं पुढचं नाही सांगितलं? डिसेंबर 2020, कॅनबेरा. त्यानं षटक खेळून काढलं, पण नंतर तो मैदानात उतरलाच नाही. त्याच्या जागी चहल आला आणि सामनावीर ठरला. 2019 पासून क्रिकेटमध्ये तसा नियमच आहे. डोक्याला लागलेल्याची जागा दुसरा घेतो, म्हणजे संघाचं नुकसान होईल म्हणून कुणी दुखणं लपवू नये."

इथे आमच्यात वाद नव्हता. आधी शाळा, मग मैदान. शाळेचा पूर्ण दिवस त्रासाशिवाय जमल्याशिवाय सामना नाही, आणि तोवरही पायरी पायरीनंच. चालणं, मग पळणं, मग एकटीचा सराव, मग बिनझटापटीचा सराव. डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय पकड नाही, आणि दोन पायऱ्यांमध्ये निदान एक दिवस. कारण पहिला मार भरून यायच्या आत दुसरा बसला तर क्वचित मेंदू झपाट्यानं सुजतो आणि हाताशी वेळ उरत नाही. कॅनडातल्या ओटावाची रोवन स्ट्रिंगर 17 वर्षांची होती, शाळेच्या रग्बी संघाची कर्णधार. मे 2013 मध्ये थोड्याच दिवसांत डोक्याला पुन्हा पुन्हा लागलं आणि ती गेली. तिच्या नावानं तिथल्या ऑन्टॅरियो प्रांतानं 2018 मध्ये कायदा केला. मी हे सांगितलं तेव्हा वहिनींनी आतल्या खोलीच्या दाराकडे बघितलं आणि म्हणाल्या, "गुण गेले खड्ड्यात."

दार उघडलं ते तेव्हाच. भाची बाहेर आली. डोळ्यांवर हात धरला होता, केस विंचरलेले नव्हते. तिनं सगळं ऐकलं असणार, भिंती पातळ आहेत.

"आत्या, मला शाळेत जायचंय," ती म्हणाली. मग आईकडे वळली. "पण आई, मला भीती वाटते. मागच्या वेळी ओकले तेव्हा सगळे बघत होते. बाहेर जाऊ का म्हणून विचारायला हात वर केला होता मी. बाई फळ्याकडे तोंड करून होत्या."

आम्ही दोघी एवढा वेळ बोलत होतो. उजेड, आवाज, साखर, अभ्यास, आकडे. तिला ज्याची भीती होती ते आमच्या दोघींच्याही बोलण्यात आलं नव्हतं.

वहिनींनी तिला जवळ बसवलं आणि वहीचं कोरं पान काढलं. मुख्याध्यापकांना पत्र लिहायचं ठरलं, आधी डॉक्टरांना पुन्हा दाखवून, त्यांची चिठ्ठी जोडून. डोळ्यांचं आणि तोल सांभाळण्याचं तपासून घ्या, हेही त्यांना सांगायचं. मी सांगत गेले, वहिनी लिहीत गेल्या. परिपाठाला सावलीत बसण्याची मुभा द्यावी. जागा पुढच्या बाकावर, पण खिडकीच्या उजेडाकडे पाठ करून. फळ्यावरचं उतरवून घ्यायला लावू नये, टिपणाची झेरॉक्स मिळावी. मधली सुट्टी एका मैत्रिणीबरोबर वाचनालयात. एका दिवशी एकच चाचणी, आणि सत्र परीक्षेचे पेपर जमतील तसे मागाहून. बुडालेला सगळा गृहपाठ मागू नये, आवश्यक तेवढाच. खेळाच्या तासाला मैदानावर नाही. घरी संध्याकाळी पंधरा मिनिटं चालणं, नदीवर प्रीतिसंगमापर्यंत जमलं तर तिथवर. हलका व्यायाम लवकर सुरू केलेली मुलं 13 दिवसांत सावरली आणि नुसतं अंग ताणणाऱ्यांना 17 दिवस लागले, अशी नोंद आहे, म्हणून तेही लिहिलं.

"आणि हे वेगळं, लाल पेनानं," वहिनी म्हणाल्या. पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारं डोकं दुखणं, जीभ जड होणं, हातापायातलं बळ जाणं, झटका येणं, हाक मारून जाग न येणं, यांतलं काही दिसलं तर शाळेनं घरच्यांची वाट न बघता तिला दवाखान्यात न्यावं. खाली दोन मोबाईल नंबर.

"झालं," मी म्हटलं.

"नाही झालं." वहिनींनी मुलीकडे बघितलं. "बाकावर तुझी पाण्याची बाटली असते ना? आडवी ठेवायची. बाटली आडवी दिसली की बाईंनी समजायचं, हिला बाहेर जाऊन बसायचंय. विचारायचं नाही, हात वर करायचा नाही, कुणी का म्हणून विचारायचं नाही. सगळ्या विषयांच्या शिक्षकांना हे माहीत पाहिजे. तेवढं लिहून द्या म्हणावं, मग पाठवते."

चोवीस वर्षं शिकवून मला हे सुचलं नव्हतं. माझ्या वर्गातल्या त्या मुलाकडे अशी एक बाटली असती तर, असं मनात आलं. पण मी बोलले नाही. वहिनी लिहीत होत्या.

"सोमवारपासून किती तास?" मी विचारलं. "मला वाटतं चार जमतील. मधल्या सुट्टीपर्यंत."

"दोन," वहिनी म्हणाल्या.

"तीन करून बघूया. रिक्षानं जायचं-यायचं, त्यापेक्षा..."

"दोन, ताई. आणि मी वाचनालयाबाहेर बाकड्यावर बसणार. रजा आहे माझी अजून."

मी भाचीकडे बघितलं. ती आईच्या खांद्याला टेकून डोळे मिटून बसली होती. तिनं मिटल्या डोळ्यांनीच दोन बोटं वर केली. वहिनींनी पत्रात आकडा लिहिला, त्याच्यापुढे कंसात अक्षरी 'दोन' असंही लिहिलं, पतसंस्थेत लिहितात तसं, आणि राहिलेली मेथी पुढ्यात ओढली.